रक्ताचा दाटपणा आणि रक्ताचं गोठणं : ध्वनिलहरींनी ते कसं मोजतात

हृदयात यांत्रिक झडप बसवलेल्या माणसाला ‘रक्त पातळ करायची गोळी’ जन्मभर घ्यावी लागते. ही गोळी रक्त पातळ करत नाही. वॉरफरिन असो की आपल्याकडे बरीच लिहून दिली जाणारी असिनोकुमॅरॉल, तिने रक्ताचा दाटपणा बदलत नाही. बदलतं ते एवढंच की रक्त गोठायला जास्त वेळ लागतो.

रामबागेत राहणारी माझी आत्या ही गोळी घेते. इंदूरची थंडी सुरू झाली की ती दोन स्वेटर घालते आणि म्हणते, “डॉक्टरांनी रक्तच पातळ केलंय गं, थंडी वाजणारच.” मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, सेन्सर हा माझा रोजचा विषय. तिची समजूत काढताना लक्षात आलं की ‘ध्वनिलहरींनी रक्ताचा घट्टपणा मोजणारी चिप’ अशा बातम्यांमध्येही हीच गल्लत असते. म्हणून चिपकडे जाण्याआधी रक्ताकडे नीट बघू.

दूध मंद आचेवर आटवत ठेवलं की ते दाट होत जातं. त्याची सराफ्यातल्यासारखी रबडी झाली तरी ते वाहतंच. विरजण लावलेल्या दुधाचं तसं नसतं. बराच वेळ ते जवळपास होतं तसंच राहतं आणि मग बघता बघता भांडंभर दही लागतं. आटणं वेगळं, लागणं वेगळं. रक्तातही या दोन गोष्टी निरनिराळ्या कारणांनी घडतात, त्यांचे आजार निराळे, औषधं निराळी. दोन्ही मोजाव्या लागतात, आणि दोन्हींसाठी ध्वनिलहरींवर चालणारे सेन्सर वापरून पाहिले गेले आहेत. माझं मत आधीच सांगते. गोठणं मोजायला हे सेन्सर फार चांगले आहेत. दाटपणाच्या बाबतीत त्यांनी दिलेला आकडा जरा जपून घ्यावा. तसं का, हे समजावणं हाच या लेखाचा मुख्य भाग.

दाटपणा

द्रवाचा एक थर दुसऱ्या थरावरून सरकताना जो अडथळा होतो, तो दाटपणा. जाँ लेओनार प्वाझय या फ्रेंच डॉक्टरला रक्त बारीक वाहिन्यांतून कसं वाहतं हे जाणून घ्यायचं होतं. १८४०च्या सुमारास त्याने काचेच्या केसासारख्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून मोजमापं केली आणि प्रवाहाचा नियम काढला. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो, आणि द्रवाचा दाटपणा दुप्पट झाला तर प्रवाह निम्मा होतो. दाटपणाचं ‘पॉइज’ हे एकक त्याच्याच नावावरून आलं. २० अंश तापमानाचं पाणी साधारण १ सेंटिपॉइज. शरीराच्या तापमानाला प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा पिवळसर द्रव, सुमारे १.२. आणि अख्खं रक्त ३ ते ४.

हा शेवटचा आकडा मात्र रक्त जोरात वाहत असतानाचा आहे. प्रवाह संथ झाला की तांबड्या पेशी एकावर एक रचल्या जातात, त्यांच्या चळती बनतात, आणि दाटपणा दहापटीहूनही जास्त वाढू शकतो. या चळती जोडून ठेवण्यात फायब्रिनोजेन या प्रथिनाचा मोठा हात असतो. ताप किंवा सूज असली की ते वाढतं. ईएसआरच्या तपासणीत तांबड्या पेशी भराभर खाली बसतात, त्यामागे याच चळती असतात. थोडक्यात, पाण्याचा दाटपणा एका आकड्यात सांगता येतो, रक्ताचा सांगता येत नाही. किती वेगाने वाहताना मोजला, हे सोबत सांगावंच लागतं. ही गोष्ट पुढे फार कामाला येणार आहे.

दाटपणावर सगळ्यात जास्त परिणाम होतो तो तांबड्या पेशींच्या प्रमाणाचा. सीबीसीच्या रिपोर्टात पीसीव्ही किंवा एचसीटी असं जे लिहिलेलं असतं, ते हेच प्रमाण. पुरुषांत साधारण ४० ते ५० टक्के, बायकांत थोडं कमी. ते वाढत गेलं की दाटपणा त्याहून वेगाने वाढतो. पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात अस्थिमज्जा नको इतक्या पेशी बनवते. तेव्हा डॉक्टर चक्क रक्त काढून हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या खाली ठेवतात. स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९४४मध्ये वर्णन केलेल्या आजारात पेशी नव्हे, तर एक अवजड प्रथिन वाढून प्लाझ्माच दाट होतो. डोळ्यांपुढे धूसर दिसणं, नाकातून रक्त येणं अशी लक्षणं त्यातून येतात.

आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचा आजार म्हणजे सिकल सेल. झाबुआ, आलिराजपूर, धार, बडवानी या पट्ट्यातल्या आदिवासी समाजात तो बराच आढळतो. सिकल सेलच्या राष्ट्रीय निर्मूलन मोहिमेची सुरुवातही १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये झाली. या आजारात ऑक्सिजन कमी झाला की तांबडी पेशी कडक होते, वाकते. एरवी आपल्याहून अरुंद केशवाहिनीतूनही दुमडून पार होणारी ही पेशी मग अडकते. रुग्णाच्या अंगात रक्त कमी असूनही आहे ते रक्त नीट वाहत नाही. म्हणून अशा रुग्णाला रक्त चढवताना डॉक्टर हिमोग्लोबिन साधारण १०च्या फार वर जाऊ देत नाहीत. पेशी वाढल्या की ऑक्सिजन वाहण्याची ताकद वाढते, पण दाटपणाही वाढतो, आणि तो फायदा खाऊन टाकतो. अशा वेळी खाटेपाशीच दाटपणा मोजता आला तर किती उपयोग होईल, याचा विचार करा.

गोठणं

याची गोष्ट थोडक्यात सांगते. जखम झाली की रक्तातले गोठवणारे घटक एकामागोमाग एक जागे होतात. साखळीच्या शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं आणि ते विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनवतं. धाग्यांचं जाळं, त्यात अडकलेल्या पेशी, म्हणजे गुठळी. यातले २, ७, ९ आणि १० या क्रमांकांचे घटक यकृतात बनताना व्हिटॅमिन के लागतं, आणि वॉरफरिन नेमकं तिथेच आड येतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनला कुजलेला चारा खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरत होती. त्या चाऱ्यातला दोषी पदार्थ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने १९४०च्या आसपास शोधला, त्यातून वॉरफरिन निघालं, १९४८मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५०च्या दशकात औषध झालं.

उंदराच्या विषापासून आलेलं हे औषध माणसाला देताना मात्रा अचूक हवी, हे उघड आहे. त्यासाठीची तपासणी आर्मंड क्विक यांनी १९३५मध्ये दिली: प्रोथ्रॉम्बिन टाइम. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असतं. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे नळीत रक्त गोठत नाही. लॅबमध्ये प्लाझ्मा वेगळा करून त्यात कॅल्शियम आणि थ्रॉम्बोप्लास्टिन, म्हणजे गोठणं सुरू करून देणारा पदार्थ, घालतात आणि घड्याळ सुरू करतात. निरोगी माणसाचा प्लाझ्मा साधारण ११ ते १३ सेकंदांत गोठतो. प्रत्येक कंपनीचं थ्रॉम्बोप्लास्टिन कमीजास्त तेज असतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३मध्ये सगळीकडे सारखाच अर्थ लागेल असा आकडा ठरवून दिला. तो आयएनआर. गोळी न घेणाऱ्याचा तो १च्या आसपास असतो. गोळी घेणाऱ्या बहुतेकांचा २ ते ३ ठेवतात, आणि डाव्या बाजूची मायट्रल झडप यांत्रिक असेल तर २.५ ते ३.५. त्याहून कमी झाला तर झडपेवर गुठळी धरण्याची भीती, जास्त झाला तर रक्तस्रावाची.

हा आकडा जेवणाने, दुसऱ्या औषधांनी, आजारपणाने हलतो. म्हणून वारंवार तपासावा लागतो. संधिवाताच्या तापाने लहानपणीच झडप खराब झालेले कितीतरी लोक शेतमजूर असतात. गावाजवळ तपासणीची सोय नसेल तर झाबुआहून इंदूर म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर. मजुरी बुडवून, गंगवाल बसस्टँडला उतरून, शिरेतून रक्त देऊन रिपोर्टची वाट बघायची. ही तपासणी बोटाच्या एका थेंबावर, गावच्या आरोग्य केंद्रात, काही मिनिटांत व्हावी, यासाठी केलेली कुठलीही धडपड मला मोलाची वाटते.

स्फटिकाला रक्त कसं कळतं

पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८०मध्ये दाखवलं की क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की विजेचा भार तयार होतो. उलटही होतं: वीज दिली की स्फटिक किंचित हलतो. मनगटी घड्याळ याच गुणावर चालतं. क्वार्ट्झ एका ठरावीक कोनात कापून त्याची पातळ चकती केली आणि दोन्ही बाजूंना सोन्याचा मुलामा दिला, तर वीज दिल्यावर तिचे दोन पृष्ठभाग एकमेकांना समांतर, उलटसुलट दिशांना सरकत राहतात. वरखाली काही नाही, फक्त आडवं सरकणं, तेही नॅनोमीटरच्या हिशेबात. सुमारे ०.१७ मिलिमीटर जाडीची चकती सेकंदाला १ कोटी वेळा, म्हणजे १० मेगाहर्ट्झने, अशी थरथरते. हा आवाज कानाला ऐकू येणारा नाही, पण पदार्थातून जाणारी यांत्रिक लहर या अर्थाने ती ध्वनिलहरच.

बर्लिनच्या ग्युंटर झाउअरब्राय यांनी १९५९मध्ये दाखवलं की अशा चकतीवर काही चिकटलं की वजनाच्या प्रमाणात तिची फ्रिक्वेन्सी उतरते. १० मेगाहर्ट्झच्या चकतीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४.४ नॅनोग्रॅम चढले की फ्रिक्वेन्सी १ हर्ट्झने कमी होते. एवढा नाजूक तराजू पाण्यात बुडवला तर थरथर बंदच पडेल, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. ती बंद पडत नाही. १९८५मध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत कानाझावा आणि गॉर्डन यांनी द्रवातल्या चकतीचा हिशेब मांडला. सरकणारा पृष्ठभाग लगतच्या द्रवाला आपल्याबरोबर ओढतो. द्रव जितका दाट आणि जड, तितकी फ्रिक्वेन्सी जास्त उतरते; नेमकं सांगायचं तर दाटपणा आणि घनता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. १० मेगाहर्ट्झच्या चकतीची एक बाजू पाण्याला लागली की फ्रिक्वेन्सी सुमारे २,००० हर्ट्झने खाली येते. हे मोजणं इलेक्ट्रॉनिक्सच्या दृष्टीने अगदी सोपं काम आहे. ना फिरणारा भाग, ना काचेची नळी, आणि थेंबभर नमुना पुरतो.

पण फ्रिक्वेन्सी उतरली ती द्रव दाट आहे म्हणून, की पृष्ठभागावर प्रथिनं चिकटली म्हणून? रक्त सोन्याला लागल्याबरोबर अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन येऊन बसतातच. उत्तर मिळवायला आणखी एक गोष्ट मोजतात: वीज बंद केल्यावर थरथर किती लवकर विझते. घट्ट चिकटलेला पातळ थर फ्रिक्वेन्सी उतरवतो, पण कंपन फारसं विझवत नाही. दाट द्रव किंवा लिबलिबीत जाळं कंपनाची ऊर्जा शोषून घेतं आणि ते झटकन विझतं. दोन्ही मापं एकदम घेण्याची पद्धत स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात १९९०च्या दशकात विकसित झाली. माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर कल्पना हीच आहे.

दुसरा प्रकार पृष्ठलहरींचा. लॉर्ड रॅले यांनी १८८५मध्ये घन पदार्थाच्या फक्त पृष्ठभागावरून धावणाऱ्या लहरींचं गणित मांडलं. १९६५मध्ये व्हाइट आणि व्होल्टमर यांनी स्फटिकावर एकमेकांत गुंतलेल्या दातऱ्यांसारखे धातूचे बारीक पट्टे छापून त्या लहरी विजेने उठवून दाखवल्या. आपल्या मोबाइलमध्ये असे फिल्टर असतात. मात्र रॅलेच्या लहरीत पृष्ठभाग वरखालीही होतो, आणि वर द्रव असला की ऊर्जा द्रवात निसटून जाते. म्हणून रक्तासाठी आडव्या सरकणाऱ्या लहरी वापरतात. फ्रिक्वेन्सी जास्त, आकार आणखी छोटा, आणि छपाईने एकदम पुष्कळ चिप बनतात. बाकी तत्त्व वरचंच.

चकती किती खोल पाहते

आता खरा मुद्दा. चकती द्रवाला ओढते, पण ती ओढ द्रवात फार आत जात नाही, लगेच विरते. १० मेगाहर्ट्झला प्लाझ्मात ती साधारण ०.२ मायक्रॉनपर्यंतच पोचते (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तांबड्या पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रॉन, म्हणजे या थराच्या सुमारे ४० पट! रक्ताचा थेंब चकतीवर ठेवला तरी चकतीला ‘दिसतो’ तो पृष्ठभागालगतचा अत्यंत पातळ थर, आणि त्यात मुख्यतः प्लाझ्मा. थेंबातल्या तांबड्या पेशी एकमेकींवर घासत, दुमडत, चळती करत ज्या दाटपणाला कारण होतात, तो बहुतांशी या थराबाहेर राहतो. शिवाय सेकंदाला कोटी वेळा थरथरणं आणि शिरेतून संथ वाहणं या गोष्टींचा मेळ नाही. रक्ताचा दाटपणा वेगावर अवलंबून असतो, हे वर आलंच आहे.

याचा अर्थ ही चकती प्लाझ्माचा दाटपणा चांगला सांगू शकते. वाल्डेनस्ट्रॉमच्या आजारासारख्या स्थितीत तेच तर हवं असतं. पण पॉलिसायथेमियात किंवा सिकल सेलमध्ये मेगाहर्ट्झच्या सेन्सरने ‘रक्ताचा दाटपणा’ म्हणून जो आकडा दिला, तो फिरत्या भांड्याच्या जुन्या दाटपणामापकाच्या आकड्याशी आपोआप जुळेल, असं धरून चालता येत नाही. उपाय आहे: फ्रिक्वेन्सी कमी करा. ओढ किती खोल जाते हे फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात ठरतं. १ किलोहर्ट्झला ती रक्तात ३० मायक्रॉनच्या पुढे जाते, तेवढ्यात तीन-चार पेशी आडव्या मावतात. मग त्यासाठी क्वार्ट्झच्या चकतीऐवजी पातळ पट्टी किंवा पडदा कंपवावा लागतो, आणि संवेदनशीलता थोडी सोडून द्यावी लागते. कुणी असं यंत्र दाखवलं तर मी पहिला प्रश्न फ्रिक्वेन्सीचाच विचारते.

गोठण्याच्या बाबतीत मात्र हाच पातळ थर पुरेसा पडतो. थेंबात थ्रॉम्बोप्लास्टिन मिसळून चकतीवर ठेवला की काही सेकंद फ्रिक्वेन्सी जवळपास सपाट राहते. मग फायब्रिनचे धागे बनू लागतात, पृष्ठभागाला धरतात, आणि फ्रिक्वेन्सी घसरायला लागते, कंपन लवकर विझू लागतं. घसरण सुरू झाली तो क्षण म्हणजे गोठण्याची वेळ. त्यावरून आयएनआर काढता येतो. इथे दाटपणाचा अचूक आकडा लागतच नाही, बदल कधी झाला एवढंच हवं असतं, आणि ते या सेन्सरला उत्तम कळतं. पुढच्या वक्ररेषेवरून गुठळी किती मजबूत झाली याचाही अंदाज येतो. तो साध्या प्रोथ्रॉम्बिन टाइममध्ये मिळत नाही.

गुठळीची मजबुती बघायची पद्धत तशी जुनी आहे. जर्मनीत हेल्मुट हार्टर्ट यांनी १९४८मध्ये रक्ताच्या छोट्या पेल्यात लोंबती दांडी सोडून, पेला हळूहळू डोलवत गुठळीचा जोर कागदावर उतरवला होता. मोठ्या शस्त्रक्रियांत त्याच पद्धतीची यंत्रं आजही वापरतात. तिच्या नव्या पिढीतलं एक यंत्र रक्ताला शेकडो हर्ट्झची थरथर देऊन त्याचा प्रतिसाद बघतं. दुसरं अल्ट्रासाउंडचे झटके देऊन गुठळी किती सरकते ते प्रतिध्वनीवरून मोजतं. आणि २०२२मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तर मोबाइलच्याच व्हायब्रेशनवर काम भागवलं: छोट्या कपात रक्ताचा थेंब आणि तांब्याचा एक बारीक कण, फोन थरथरतो, कॅमेरा कणाची हालचाल बघतो, आणि कण थांबला की रक्त गोठलं. त्यात चकती नाही, तरी विचार तोच. मला हे काम फार आवडतं, कारण यंत्राचा बहुतेक भाग लोकांच्या खिशात आधीच आहे.

प्रयोगशाळेबाहेर

कागदावर जमलेलं खेड्यात जमेलच असं नाही. तापमान १ अंशाने बदललं की द्रवाचा दाटपणा सुमारे २ टक्के बदलतो, आणि गोठण्याचा वेगही तापमानावर चालतो. मे महिन्यात निमाडातल्या खोलीत पारा ४०च्या पुढे असतो, जानेवारीत पहाटे १०च्या आसपास. सेन्सर ३७ अंशांवर धरून ठेवणारी सोय यंत्रात नसेल तर आकड्यावर विसंबता येणार नाही. चकतीवर हवेचा बुडबुडा बसला तर तो भाग द्रव बघतच नाही. बोट जोरात पिळून काढलेल्या थेंबात पेशींबाहेरचा द्रव मिसळतो, आणि त्यातले ऊतींचे घटक गोठणं आधीच सुरू करतात. शिवाय एकदा प्रथिनं बसलेली चकती पुन्हा वापरता येत नाही, म्हणून प्रत्येक तपासणीला नवी चिप लागते. खर्च यंत्राच्या किमतीपेक्षा तिथेच जास्त होतो.

आणखी एक अडचण आहे, जिच्याकडे यंत्र बनवणाऱ्यांनी लक्ष द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. थेट अख्ख्या रक्तावर चालणाऱ्या तपासण्या पेशींचं प्रमाण एका मर्यादेत धरून बेतलेल्या असतात. आज मिळणाऱ्या हातात मावणाऱ्या आयएनआर यंत्रांच्या माहितीपत्रकातही ही मर्यादा दिलेली असते, बहुधा २५ ते ५५ टक्के अशी. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. बहुतेकींचा सौम्य असतो, पण ज्यांचं हिमोग्लोबिन ८च्या खाली गेलंय त्यांचं पीसीव्ही या मर्यादेच्या काठावर किंवा बाहेर पडतं. सिकल सेलच्या पेशींचं वागणं तर मुळातच वेगळं. युरोपातल्या निरोगी रक्तदात्यांच्या नमुन्यांवर नीट चाललेली चिप इथल्या रक्तावर पुन्हा तपासावी लागते, आणि ती तपासणी इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयासारख्या ठिकाणी, जिथे हे रुग्ण येतातच, लॅबच्या आयएनआरच्या जोडीने करता येण्यासारखी आहे.

तोवर घरी किंवा आरोग्य केंद्रात कुठल्याही प्रकारचं आयएनआर यंत्र वापरत असाल तर सुरुवातीला, आणि मग अधूनमधून, त्याच दिवशी शिरेतलं रक्त लॅबमध्ये देऊन दोन्ही आकडे पडताळून बघा. सोबत आपलं ताजं पीसीव्ही डॉक्टरांना दाखवा. दोन आकड्यांत सतत फरक पडत असेल तर गोळीची मात्रा लॅबच्या आकड्यावरून, डॉक्टरांना विचारूनच ठरवा.